कमी डोसचं नॅलट्रेक्सोन आणि न हटणारा थकवा : अनुभव, माहिती, प्रश्न

गवतफूल

मी पुण्यात राहते, कॉलेजात शिकवत होते. २०२१च्या एप्रिलमध्ये कोविड झाला. सौम्यच होता, ॲडमिट व्हायची वेळ आली नाही. ताप गेला, चव परत आली, मी ऑनलाइन तास घ्यायला लागले आणि तिथून अंग उतरत गेलं ते आजतागायत. एक तास शिकवलं की दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी मात्र उठवत नाही. पायांत ठणका, घशात खवखव, डोळ्यांना उजेड सहन होत नाही. समोरच्या विद्यार्थ्याचं नाव आठवत नाही. आठ-नऊ तास झोपूनही सकाळी रात्रभर जागरण केल्यासारखं वाटतं.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, साखर, लिव्हर, किडनी, ईसीजी सगळं झालं. बी-१२ कमी होतं, त्याची इंजेक्शनं घेतली, पातळी वर आली, थकवा जागच्या जागी. एका मोठ्या दवाखान्यात ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मन कशात तरी गुंतवा’ एवढंच सांगून पाठवलं. शेवटी एका एमडी मेडिसिन डॉक्टरांनी दीड तास बसवून सगळं ऐकून घेतलं आणि एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार) असं निदान लिहून दिलं. श्रम केल्यावर एक-दोन दिवसांनी लक्षणं उसळणं (आम्ही पेशंट त्याला क्रॅश म्हणतो, डॉक्टर पीईएम म्हणतात) हीच या आजाराची खूण, असं त्यांनी सांगितलं.

या आजारावर मान्यताप्राप्त औषध नाही. जे आहे ते लक्षणांवर. मी गेलं वर्षभर नॅलट्रेक्सोन अगदी कमी डोसमध्ये घेते आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही म्हणून हा धागा.

नॅलट्रेक्सोन मुळात व्यसनमुक्तीचं औषध. अमेरिकेत १९८४ साली अफूवर्गीय व्यसनासाठी आणि १९९४ साली दारूसाठी मान्यता मिळाली, डोस रोज ५० मिलिग्रॅम. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड बिहारी या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात एड्सच्या रुग्णांना त्याचा अगदी छोटा डोस देऊन पाहिला, तिथून ‘एलडीएन’ (लो-डोस नॅलट्रेक्सोन) हा प्रकार सुरू झाला. म्हणजे साधारण ४.५ मिलिग्रॅमपर्यंत, मूळ डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आपल्याकडे गोळी सहसा मिळते ती ५० मिलिग्रॅमची. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा तीन दुकानांत नव्हती. चौथ्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “ताई, मिस्टरांसाठी का? त्यांना न सांगता देऊ नका हं.” तो चांगल्या मनानेच विचारत होता. मी म्हटलं, मलाच हवी आहे, आजार वेगळा आहे. सांगायचं कारण, हे औषध घरात आलं की पाकिटावरची माहिती कुणीतरी वाचणार आणि गैरसमज होणार. सासूबाईंना मी आधीच समजावून सांगितलं होतं, ते बरं झालं.

डॉक्टरांनी अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितली. गोळी पाण्यात विरघळवून, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून. चव कडू जहर. पहिल्या आठवड्यात रात्री इतकी ठसठशीत स्वप्नं पडली की झोपेत दमायला व्हायचं. डॉक्टरांनी वेळ रात्रीची बदलून सकाळची करून दिली, मग ती कमी झाली. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवत आता ३ मिलिग्रॅमवर आहे. त्याच्या वर गेले की डोकं दुखतं, म्हणून तिथेच थांबलो.

फरक काय पडला? पायांचा ठणका निम्म्याने तरी कमी आहे. डोक्यातलं धुकं पुष्कळ विरळ झालं. वर्तमानपत्राचा अग्रलेख एका बैठकीत वाचून होतो, पूर्वी दुसऱ्या परिच्छेदाला पहिला विसरायचे. उभं राहण्याची, चालण्याची ताकद मात्र जवळजवळ तेवढीच आहे. क्रॅश येतात, पण लवकर सरतात. कॉलेजात परत जाता आलेलं नाही. घरी दोन मुलींना आठवड्यातून दोनदा अर्धा तास शिकवते, आणि हे मला दोन वर्षांपूर्वी अशक्य होतं.

ज्यांनी घेतलं, ज्यांना उपयोग झाला, नाही झाला, सगळ्यांनी लिहा. कुणीही हे वाचून स्वतःच्या मनाने सुरू करू नका, ही हात जोडून विनंती.

तळेगावकर

माहितीबद्दल आभार. एक शंका. एवढासा डोस म्हणजे होमिओपॅथीसारखं तत्त्व आहे का? आणि मोठ्या डोसने जे होत नाही ते छोट्याने कसं होईल?

औषधवाला

मी फार्मासिस्ट आहे, उत्तर देतो. नाही, तसं नाही. साडेचार मिलिग्रॅममध्ये औषधाचे रेणू भरपूर असतात, रक्तात मोजता येतात. नॅलट्रेक्सोन शरीरातले ओपिऑइड रिसेप्टर (पेशींवरच्या ज्या जागांवर अफूवर्गीय औषधं बसतात त्या) अडवून धरतं. शरीर स्वतः एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं बनवतं, ती याच रिसेप्टरवर बसतात. ५० मिलिग्रॅम घेतलं तर दिवसभर ते अडलेले राहतात. छोट्या डोसचा अडथळा काही तासांचा. औषध उतरलं की शरीर एंडॉर्फिन वाढवून भरपाई करतं, असा एक सिद्धान्त आहे. दुसरा असा की मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींवरचा टीएलआर-४ रिसेप्टर ते शांत करतं आणि त्यामुळे मेंदूतला दाह कमी होतो. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या गटाने सीएफएसच्या रुग्णांच्या एनके पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) घेऊन प्रयोगशाळेत दाखवलं की टीआरपीएम-३ नावाचं कॅल्शियम आत सोडणारं दार त्यांच्यात नीट चालत नाही, आणि नॅलट्रेक्सोनमुळे ते सुधारतं. हे काचेच्या बशीतलं काम आहे, माणसात त्याचा किती अर्थ लावायचा हे अजून ठरायचंय.

आता व्यवहाराचं. परदेशात कंपाउंडिंग फार्मसी दीड, तीन, साडेचार मिलिग्रॅमच्या कॅप्सूल भरून देतात. आपल्याकडे अशी सोय क्वचित. म्हणून डॉक्टर ५० मिलिग्रॅमची गोळी ५० मिलिलिटर पाण्यात घालायला सांगतात, म्हणजे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. चाकूने गोळीचे तुकडे करू नका, पन्नासाचे साडेचार कुणालाच अचूक कापता येणार नाहीत.

औषध विरघळतं पण गोळीतली भर आणि वरचं आवरण विरघळत नाही. तळाशी गाळ दिसतो, तो दिसला म्हणून औषध वाया गेलं असं समजू नका. दर वेळी बाटली नीट हलवून मगच सिरिंज बुडवा. डिस्टिल्ड वॉटर वापरा. बाटली काचेची, शक्यतो गडद रंगाची, उकळून वाळवलेली. पाण्यात परिरक्षक नसतं, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवा आणि पंधरवड्याच्या आत संपवा, उरलं तर टाकून द्या. अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्याचं बरंच फुकट जाईल, जाऊ दे. बाटलीवर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव, तारीख आणि कुणाचं ते लिहा. फ्रिजमधली पाण्यासारखी दिसणारी बाटली नातवंडाने तोंडाला लावली असं होता कामा नये.

आणि चिठ्ठीशिवाय मागू नका. तुमचा केमिस्ट ओळखीचा असला तरी.

रानवाटा

माझा अनुभव उलट आहे, तोही इथे असू दे. मला २०१६मध्ये चिकनगुनिया झाला, सांधे दोन वर्षांत सुटले, थकवा राहिला. एलडीएन अर्ध्यापासून सुरू केलं, दीडपर्यंत गेले. झोप पार उडाली. सकाळी घेतलं तरी रात्री टक्क जाग. मळमळ. डॉक्टरांनी मागे नेऊन पाव मिलिग्रॅमवर ठेवलं, तरी झोप येईना आणि झोप गेली की माझा क्रॅश ठरलेला. तीन महिने चिकाटीने घेतलं, मग त्यांच्याच सल्ल्याने थांबवलं. बंद केल्यावर काही त्रास झाला नाही.

त्या काळात मी अशा गटांत लिहिलं की लोक म्हणायचे, ‘तुम्ही पुरेसा वेळ दिला नाही’, ‘ब्रँड बदला’. ज्याला लागू पडलं नाही त्याच्यावरच दोष ढकलायचा हे मला फार लागतं. औषध मला लागू पडलं नाही, इतकंच. मला उपयोग झाला तो दुपारी दोन तास अंधाऱ्या खोलीत आडवं पडण्याचा आणि झोपेआधी दिलेल्या १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनचा. तोही कमी डोसच, नैराश्यासाठी याहून कितीतरी जास्त देतात.

गवतफूल

रानवाटा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. झोप ज्यांची आधीच नाजूक आहे त्यांनी हे वाचायलाच हवं.

निशिगंध

मी नाशिकला फिजिशियन आहे. इथे कुणालाही वैयक्तिक सल्ला देत नाही, सर्वसाधारण माहिती देते.

पहिली गोष्ट, निदान. आपल्याकडे थकवा घेऊन येणाऱ्यांत ॲनिमिया, हायपोथायरॉइड, बी-१२ आणि डीची कमतरता, मधुमेह, क्षयरोग, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, संधिवाताचे सुरुवातीचे प्रकार हे सगळं खूप असतं, आणि त्यातलं बहुतेक बरं करता येतं. ते तपासल्याशिवाय एलडीएनकडे वळू नका. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली जे निकष दिले त्यात सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता घटणं, श्रमानंतर लक्षणं बळावणं आणि झोपेने ताजंतवानं न होणं हे तिन्ही लागतं, शिवाय विचारशक्ती मंदावणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं यांपैकी एक.

उभं राहिल्यावरचा त्रास आमच्याकडूनही तपासायचा राहून जातो. पेशंटला आडवं झोपवून नाडी आणि बीपी घ्यायचं, मग उभं करून दहा मिनिटं घेत राहायचं. मोठ्या माणसात बीपी फारसं न पडता नाडी तिसाच्या वर वाढली आणि त्रासही होत असेल तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार) विचार करायचा. त्यावर पाणी, मीठ, पायाचे घट्ट मोजे आणि गरज पडली तर औषध. कमी डोसचं चांगलं उदाहरण इथेच आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्टच्या डॉक्टरांनी २००९ साली पॉट्समध्ये प्रोप्रॅनोलॉल २० मिलिग्रॅम आणि ८० मिलिग्रॅम ताडून पाहिलं. नाडी जास्त डोसने जास्त उतरली, पण पेशंटला बरं वाटलं ते २० मिलिग्रॅमने. (दमा असलेल्यांना हे औषध चालत नाही.)

दुसरी गोष्ट, आणि ही ठळक करून वाचा. नॅलट्रेक्सोन आणि अफूवर्गीय औषधं एकत्र घ्यायची नाहीत. आपल्याकडे कंबरदुखीला, फ्रॅक्चरला ट्रॅमाडॉल सर्रास लिहिलं जातं. २०१८पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी पॅरासिटामॉलसोबतच्या मिश्र गोळ्यांतून पोटात जातं आणि पेशंटला पत्ता नसतो. टॅपेन्टाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, मॉर्फिन, बुप्रेनॉर्फिनचा पॅच हे सगळं त्यातच आलं. जो माणूस नियमित ट्रॅमाडॉल घेतो त्याने एकदम नॅलट्रेक्सोन घेतलं तर अंगाला कंप, उलट्या, जुलाब, तीव्र अस्वस्थता अशी विथड्रॉलची, म्हणजे सवयीचं औषध एकदम तुटल्यासारखी, लक्षणं येऊ शकतात. सध्या घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट डॉक्टरांसमोर ठेवा. यकृताचा आजार, गर्भारपण, स्तनपान असेल तर आधी सांगा.

तिसरी, पुरावा. फिनलंडमध्ये २१८ सीएफएस रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधारण ७४ टक्क्यांनी फायदा सांगितला. पण त्यात तुलनेला प्लासीबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेणारा गट नव्हता. फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या शेजारच्या आजारात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या छोट्या चाचण्या उत्साह वाढवणाऱ्या होत्या. मग डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांवर ६ मिलिग्रॅमची बारा आठवड्यांची चांगली प्लासीबो-चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२४ साली आला. वेदनेत प्लासीबोपेक्षा ठळक फरक दिसला नाही. स्मरणाच्या तक्रारीत थोडा फायदा असावा असा इशारा मिळाला, तोही पक्का नाही. कोविडनंतरच्या थकव्यासाठी कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये प्लासीबोसह चाचणी हाती घेतली गेली आहे.

मी स्वतः काही रुग्णांना देते. देताना हे सगळं सांगून देते. औषध स्वस्त आहे, या डोसला गंभीर दुष्परिणाम सहसा दिसत नाहीत, आणि समोरचा माणूस वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला आहे, हे तिन्ही एकत्र धरून मी प्रयत्न करायच्या बाजूची आहे. ते आजार मुळापासून बरा करतं असं मात्र कुणी सांगितलं तर त्या माणसापासून लांब राहा.

सह्यमित्र

मला डेंग्यूनंतर असाच थकवा होता. रोज पर्वती चढायला लागलो, सहा महिन्यांत ठणठणीत. औषधांपेक्षा शरीराला हळूहळू सवय लावावी असं माझं मत.

लीड्सची_मावशी

सह्यमित्र, तुम्ही बरे झालात याचा मनापासून आनंद आहे. विषाणूजन्य तापानंतर बरेच जण काही महिन्यांत असे सावरतात. पण हा सल्ला एमईच्या पेशंटला देऊ नका, मी पोटतिडकीने सांगते. माझी मुलगी इथे इंग्लंडमध्ये शाळेत असताना आजारी पडली. तेव्हा इथे ‘रोज थोडं थोडं वाढवत जा’ हाच अधिकृत उपचार होता. २०११च्या पेस ट्रायल या ब्रिटिश चाचणीचा त्याला आधार होता, त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे खूप टीका झाली. आम्ही इमानेइतबारे तक्ता पाळला. मुलगी जिना चढत होती ती खुर्चीला खिळली. ऑक्टोबर २०२१मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि ठरावीक वाढत्या व्यायामाचा तो उपचार देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. त्याच कागदात असंही आहे की एमईच्या रुग्णांना औषधं न सोसण्याची शक्यता जास्त असू शकते, तेव्हा नेहमीपेक्षा कमी डोसपासून सुरू करण्याचा विचार करावा.

एलडीएन आमच्या जीपीने (इथल्या सरकारी सेवेतल्या फॅमिली डॉक्टरने) दिलं नाही, खाजगी डॉक्टरांकडून घेतलं. मुलीला फायदा आहे, अंघोळ आता बसून पण स्वतः करते. डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की बरं वाटायला लागेल ते पहिले दोन महिने धोक्याचे, कारण माणूस लगेच कामाला लागतो. तिने दुप्पट विश्रांती घेतली तेव्हा कुठे तो फायदा टिकला.

सह्यमित्र

मावशी, हे माहीत नव्हतं. तुमच्या मुलीला लवकर आराम पडो. यापुढे असं सरसकट सांगणार नाही.

सावली_हवी

मी नवरा आणि काळजी घेणारा या नात्याने लिहितो. बायको बोलू शकते पण लिहिणं तिला झेपत नाही. दिवसातले बावीस तास ती आडवी असते, खिडकीला काळा पडदा, कानात बोळे. एलडीएनने थोडं बरं, पण फार नाही. मग आमच्या सायकिॲट्रिस्टना मी स्टॅनफर्डचा २०२१चा अभ्यास दाखवला. ॲरिपिप्राझोल हे स्किझोफ्रेनियाचं औषध, तिथे १० ते १५ मिलिग्रॅमपासून पुढे देतात. सीएफएसच्या १०१ रुग्णांना दोन मिलिग्रॅमपर्यंतच, काहींना पाव मिलिग्रॅमपासून, दिलं होतं आणि ७४ टक्क्यांत सुधारणा नोंदली गेली. इथेही प्लासीबो नव्हता.

डॉक्टरांनी पाव मिलिग्रॅमपासून सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ती अंथरुणात बसली आणि म्हणाली, ‘आज चहा मी तुझ्याबरोबर पिते.’ मी तो कप हातात धरून किती वेळ नुसता बसलो होतो कुणास ठाऊक. पुढचे काही आठवडे चांगले गेले. अर्ध्यावर नेलं आणि अस्वस्थपणा सुरू झाला. पाय एका जागी ठरेनात. पडल्या पडल्या टाचा गादीवर घासत राहायची, चादरीला भोक पडलं. एवढी अशक्त बाई आणि तिला स्वस्थ पडता येईना, हे बघवत नव्हतं. डॉक्टरांनी ते अकथिसिया म्हणून ओळखलं, लगेच थांबवलं. या औषधाचं अर्धायुष्य साधारण तीन दिवसांचं असतं, त्यामुळे बंद केल्यावरही ते उतरायला पंधरा दिवस लागले.

मला कुणाला घाबरवायचं नाही. कमी डोस म्हणजे निर्धोक डोस नव्हे, एवढंच घरच्यांनी लक्षात ठेवावं. आजारी माणसाला आपल्यात काय बदललं हे नेहमी कळत नाही, शेजारी बसणाऱ्याला आधी दिसतं. आता ती एलडीएन दीड मिलिग्रॅमवर आहे. गौरीजेवणाला या वर्षी आम्ही कुणालाच बोलावलं नाही, आईने घरातल्या घरात नैवेद्य केला आणि पाच मिनिटं दर्शनाला तिला उचलून आणलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

गवतफूल

सावली_हवी, तुम्हा दोघांना खूप बळ मिळो. तुमच्या आईंनाही नमस्कार सांगा.

गणितवेडा

मी संख्याशास्त्राचा माणूस, धाकटी बहीण आजारी आहे. वर डॉक्टरांनी प्लासीबोचं लिहिलं त्यात भर घालतो, कारण या आजारात एकदा सगळे कसे पोळले हे माहीत हवं.

नॉर्वेत फ्लूगे आणि मेला या कर्करोगतज्ज्ञांनी २०११ साली रिटुक्सिमॅब हे कर्करोगाचं औषध ३० सीएफएस रुग्णांवर तपासलं. औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांत सुधारणा, प्लासीबोवाल्या १५ पैकी दोघांत. जगभर आशा उसळली. त्यांनीच पुढे १५१ जणांवर मोठी चाचणी केली, २०१९ साली निकाल आला आणि औषध व प्लासीबो यांत फरक निघाला नाही. आपलीच आशा खोटी ठरवणारा निकाल त्यांनी सरळ छापला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. ३० माणसांत जे झळाळून दिसतं ते दीडशेत विरून जाऊ शकतं. हा आजार आपोआप वरखाली होतो, आणि माणूस नवं औषध सुरू करतो ते बहुधा अगदी तळाला असताना. तिथून थोडं वर येणं औषधाशिवायही घडतं.

मग एकेकट्याने काय करायचं? बहिणीसाठी आम्ही असं केलं. औषध सुरू करण्याआधी महिनाभर नुसती वही ठेवली. सकाळी उठल्या उठल्या नाडी, दिवसभरातली पावलं, किती तास आडवी होती, आणि संध्याकाळी वेदना व धुकं यांना शून्य ते दहा गुण. चार ओळी, त्याहून जास्त नाही, कारण जास्त लिहायला लावलं तर वहीच क्रॅश आणते. मग औषध, बाकी काही न बदलता. नवं प्रोटीन, नवा काढा, नवी उशी काहीही त्याच वेळी सुरू करायचं नाही. तीन महिन्यांनी आईने वही वाचून दाखवली. गुणांत वेदना सातावरून पाचावर आली होती, धुकं तेवढंच. बहिणीचा अंदाज होता की धुकं गेलंय. आम्ही औषध चालू ठेवलं, पण कशासाठी चालू आहे हे आता माहीत आहे.

जाता जाता एक चांगली बातमी. ब्रिटनमधल्या डीकोडएमई या प्रकल्पाने ऑगस्ट २०२५मध्ये १५,५७९ रुग्णांच्या डीएनएचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. जनुकसंचात आठ जागा सापडल्या जिथे रुग्ण आणि निरोगी यांत फरक आहे, त्यातल्या काही रोगप्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी निगडित. ‘मन गुंतवा’ म्हणणाऱ्यांना दाखवायला हे उपयोगी पडेल.

मांडवीकाठ

गोव्याहून. मी एलडीएन घेते, पुढच्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. सर्जनना सांगायला हवं का? इतका छोटा डोस आहे म्हणून विचारते.

निशिगंध

हो, सांगायलाच हवं. सर्जनना तर सांगाच, भूलतज्ज्ञांना स्वतः भेटून सांगा आणि फाइलवर लिहून घ्या. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशी वेदनाशामकं देतात. नॅलट्रेक्सोन अंगात असेल तर ती नीट काम करणार नाहीत आणि तुम्ही कळवळत पडाल. किती दिवस आधी बंद करायचं हे तुमचा डोस बघून भूलतज्ज्ञ ठरवतील. नंतर परत कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचारा, शेवटची अफूवर्गीय गोळी अंगातून गेल्याशिवाय नाही. शिवाय एक चिठ्ठी पर्समध्ये कायम ठेवा: ‘मी नॅलट्रेक्सोन घेते, डोस इतका, वेळ ही.’ अपघात झाला तर बोलता येईलच असं नाही.

मांडवीकाठ

देव बरें करूं, डॉक्टर. आजच फोन करते.

पाऊलखुणा

सगळा धागा दोन बैठकांत वाचला. मी सांगलीजवळच्या गावात राहते, चार वर्षांपासून असंच आहे. आमच्या डॉक्टरांना हा आजार आहे हेच मान्य नाही. त्यांच्यासमोर विषय कसा काढू? मोबाइलवर वाचलं म्हटलं की ते चिडतात.

गवतफूल

पाऊलखुणा, औषधाचं नाव पहिल्या भेटीत काढूच नका. गणितवेडा यांनी सांगितलीय तशी वही तीन-चार आठवडे ठेवा आणि तीच समोर ठेवा. त्यात काय केलं आणि दोन दिवसांनी काय झालं हे एकाखाली एक दिसू द्या. ‘सोमवारी बाजार, बुधवारी अंथरुणात’ असं चार वेळा दिसलं की ‘थकवा सगळ्यांनाच येतो’ म्हणणं अवघड जातं. आजवरचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. घरातलं एक माणूस सोबत असू दे. आपल्याकडे बाईने एकटीने सांगितलं तर ते मनावर जातं, नवऱ्याने किंवा भावाने तेच सांगितलं की तपासणी होते. मला याचा संताप येतो, पण आज तुमची तपासणी होणं महत्त्वाचं. उभं-आडवं नाडी-बीपी तपासाल का, एवढं मात्र जरूर विचारा. त्याला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात.

त्यांनी तरी झिडकारलं तर सांगली-मिरजेला डॉक्टर पुष्कळ आहेत. फिजिशियन, संधिवाततज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट यांपैकी जो ऐकून घेईल तो आपला. प्रवासाचा दिवस आणि नंतरचे तीन दिवस मोकळे ठेवा, जाताना गाडीत मागच्या सीटवर आडव्या होऊन जा. आधी ट्रॅमाडॉल किंवा कुठली दुखण्याची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट इथे नावासकट लिहा, निशिगंध किंवा औषधवाला त्यात काय आहे ते सांगतील. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.

पाऊलखुणा

दुखण्याची एक गोळी रोज रात्री घेते, केमिस्टने दिलेली. पाकिटावर पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल असं लिहिलंय.

औषधवाला

ताई, ती स्वतःहून एकदम बंदही करू नका. रोजची सवय असेल तर हळूहळू कमी करावी लागते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पाकीट वहीसोबत घेऊन जा. ती गोळी सुटून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नॅलट्रेक्सोनचा विचार पूर्ण बाजूला ठेवा.